सिंथेसायझर: पेटीतला की पडद्यावरचा?

मालिकेचं शीर्षकगीत असो, जाहिरातीतली दहा सेकंदांची धून असो की चित्रपटाचं पार्श्वसंगीत, त्यात ऐकू येणारा सिंथेसायझर आज बहुतेक वेळा पेटीच्या रूपात कुठेच नसतो. तो लॅपटॉपमध्ये चालणारा एक प्रोग्राम असतो. पडद्यावर चित्र मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राचं दिसतं: लाकडी कडा, काळा पत्रा, नॉबच्या रांगा, कोपऱ्यात लाल दिवा. संगीत करू पाहणाऱ्याला मग ठरवावं लागतं की यंत्र घ्यायचं की हे चित्रातलं. या प्रश्नावर सिंथेसायझरचे शौकीन पंचवीसेक वर्षं हमरीतुमरीवर येत आहेत, आणि भांडण नेहमी एकाच मुद्द्याभोवती घोटाळतं, तो म्हणजे अस्सल आवाज कुणाचा. हा मुद्दा आता जवळजवळ निकालात निघाला आहे आणि त्याच्या आधारावर खिशात हात घालण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहायचं ते हे, की वाद्य तुमच्याकडून काम कसं करून घेतं आणि बंद पडलं तर ते दुरुस्त कोण करणार.

आधी हे वाद्य करतं काय, ते पाहू. सतारीत तार कंप पावते. सिंथेसायझरमध्ये विजेचा दाब वरखाली होतो. ऑसिलेटर नावाचं सर्किट ही लहर तयार करतं, आणि तिचा वेग वाढला की सूर चढतो. ही लहर मुळात कर्कश आणि भरगच्च असते. फिल्टर तिच्यातला वरचा, टोचणारा भाग हवा तेवढा कापतो, आणि आणखी एक सर्किट आवाज कसा उमटावा, किती टिकावा, कसा विरावा हे ठरवतं. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून असे सुटे भाग कपाटाएवढ्या मांडणीत जोडायला सुरुवात केली. वेंडी कार्लोस यांच्या १९६८ च्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या तबकडीने तो आवाज लोकांच्या घरात नेला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूगची अशी एक मांडणी येऊन पोचली होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९७० मध्ये मिनीमूग आला. त्यात ४४ पट्ट्या, तीन ऑसिलेटर, एक फिल्टर, आणि एका वेळी एकच सूर. मुंबईच्या चित्रपटसंगीतात तो सत्तरच्या दशकात आणण्याचं श्रेय वादक केर्सी लॉर्ड यांना दिलं जातं. आज पडद्यावर ज्यांच्या नकला मिळतात त्या यंत्रांत मिनीमूगचा मान पहिला.

सॉफ्टवेअर हेच सगळं आकडेमोडीने करतं. सर्किटमध्ये विजेचा दाब पुढच्या क्षणी किती असेल याचं गणित सेकंदाला ४४,१०० वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा सोडवायचं आणि उत्तरं स्पीकरकडे पाठवायची. सुरुवातीला हे नीट जमत नव्हतं, आणि गाडी कुठे अडत होती हे समजलं की भांडणाचं मूळही सापडतं. मूगच्या फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत सोडता येतो. जितका जास्त सोडाल तितका फिल्टर एका सुरावर शीळ घालू लागतो. सर्किटमध्ये हे परतणं जवळपास त्याच क्षणी घडतं. संगणकाला मात्र आत्ताचं उत्तर काढायला आधीचं उत्तर हाताशी लागतं, म्हणून जुन्या प्रोग्राममध्ये सेकंदाच्या ४४ हजाराव्या भागाएवढा उशीर राहून जायचा. कानाला हा उशीर कळत नाही, पण नॉब चढवला की ती शीळ भलत्याच सुरावर सरकायची. शिवाय वरच्या पट्ट्यांत मूळ लहरीत नसलेले, काच खरवडल्यासारखे सूर उमटायचे. २००४ मध्ये आंट्टी हुओविलाइनेन या फिनलंडच्या संशोधकाने मूगच्या फिल्टरचं अधिक नेमकं गणित मांडलं, वादिम झावालिशिन यांनी २०१२ मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक लिहून फुकट वाटलं, आणि त्याच सुमारास, २०११ च्या शेवटी, जर्मनीतल्या उर्स हेकमान यांच्या कंपनीचा ‘डिव्हा’ बाजारात आला. तो उशीर न ठेवता समीकरणं सोडवत होता. त्या काळच्या संगणकांना त्याने घाम फोडला. तीन-चार सूर एकत्र धरले की आवाज तुटायचा. आज साधा लॅपटॉपही ते काम निमूटपणे करतो. म्हणजे ज्या तक्रारी अजून चवीने चघळल्या जातात, त्यातल्या बऱ्याचशा २०११ पूर्वीच्या सॉफ्टवेअरच्या आहेत.

आता उलट बाजूने विचार करू. नक्कल मुळाबरहुकूम आहे का, असं विचारताना आपण मूळ एकच आहे असं धरून चालतो. ते तसं नसतं. सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-५ हा १९७८ चा सिंथेसायझर आवाज स्मृतीत साठवून एका बटणावर परत आणायचा, आणि तेवढ्यासाठी तो त्या काळी चमत्कार मानला गेला. पण त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत एका कंपनीच्या चिप होत्या आणि तिसरीत दुसऱ्या. त्यांच्या आवाजात फरक आहे, आणि कुठली सरस यावरही रसिकांत दोन तट आहेत. रोलँडच्या टीआर-८०८ या १९८० च्या तालयंत्राची गोष्ट याहून मजेदार आहे. त्यातल्या चिरचिऱ्या आवाजांमागे सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर होते. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचं तंत्र सुधारलं, सदोष माल मिळेनासा झाला आणि १९८३ मध्ये यंत्राचं उत्पादन थांबलं. यामाहाचा सीएस-८०, ज्यावर व्हँजेलिस यांनी ‘ब्लेड रनर’ या १९८२ च्या चित्रपटाचं संगीत वाजवलं, तो शंभर किलोंच्या घरातला असून हवेतल्या उष्म्याने बेसूर होण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. चाळीस-पन्नास वर्षांत कपॅसिटर सुकतात, रोधकांची मूल्यं सरकतात. आज एखाद्या संग्राहकाकडे असलेला मिनीमूग १९७० च्या दशकात कारखान्यातून निघाला तेव्हा वाजायचा तसाच वाजतो, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. सॉफ्टवेअरवाले कुठल्या तरी एका यंत्राची, एका दिवशीची मापं घेतात. त्या नकलेत आणि तुमच्या शेजारच्या यंत्रात फरक पडला, तर तसाच फरक त्या यंत्रात आणि त्याच्या सख्ख्या भावातही सापडतो.

शिवाय ‘यंत्र म्हणजे खरी वीज, सॉफ्टवेअर म्हणजे आकडे’ ही विभागणीच कच्ची आहे. यामाहाचा डीएक्स-७ हा १९८३ चा कीबोर्ड दोन लाखांच्या आसपास विकला गेला, आणि तो मुळातच आकडेमोड करणारं यंत्र होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधलेली पद्धत यामाहाने परवान्यावर घेऊन चिपमध्ये बसवली होती. ‘डेक्स्ड’ नावाचा फुकट प्रोग्राम आज तेच गणित करतो आणि डीएक्स-७ चे जुने आवाज जसेच्या तसे उघडतो. उरतो तो शेवटच्या टप्प्यावर आकड्यांची पुन्हा वीज करणाऱ्या जुन्या रूपांतरकाचा किंचित खरखरीतपणा. याच्या पलीकडचं उदाहरण रोलँडनेच दिलं आहे. १९८१ च्या टीबी-३०३ या बासच्या यंत्राची नवी आवृत्ती म्हणून २०१६ मध्ये कंपनीने टीबी-०३ काढला. दिसायला हुबेहूब, वर नॉब, खाली छोट्या पट्ट्या, आणि आत जुन्या सर्किटचं गणित सोडवणारी चिप. तो घेणारा माणूस ‘मी हार्डवेअरवाला’ म्हणून मिरवतो, पण त्याने सॉफ्टवेअरच पत्र्याच्या डबीत घातलेलं विकत घेतलेलं असतं. आणि तरी त्याचं काही चुकलेलं नाही. का, ते पुढे येईलच.

‘कान खोटं बोलत नाहीत’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. खऱ्या सर्किटच्या आवाजात एक ऊब असते, ती गणितात येत नाही, असं जुनेजाणते सांगतात. हे म्हणणं सरसकट उडवून लावणं बरोबर नाही. फिल्टर शीळ घालायच्या काठावर धरला, एका ऑसिलेटरने दुसऱ्याला प्रचंड वेगाने डोलवलं, किंवा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत चढवला, की साध्या प्रतीचे प्रोग्राम अजूनही उघडे पडतात. यंत्र एकटं, चांगल्या स्पीकरवर वाजत असेल तर सरावलेला कान तो फरक टिपेलही. पण गाण्यात हा आवाज एकटा कधी असतो? त्यावर ढोलकी, गायक, कोरस चढतात. मग सगळं दाबून एका पातळीवर आणलं जातं, त्याची छोटी फाइल होते आणि ती रिक्षात बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर वाजते. एवढ्या प्रवासातून ऑसिलेटरची ऊब शाबूत पोचली असं मानायला फार मोठी श्रद्धा लागते. बरेचदा डोळा कानाच्या आधी निकाल देतो. समोर लाकडी कडांचं, लाख-दोन लाखांचं यंत्र दिसत असलं की आवाज आपसूक गोड लागतो.

मग यंत्राच्या बाजूने काही उरतंच नाही का? उरतं, आणि बरंच उरतं, पण ते हातांत आहे. मिनीमूगच्या पुढच्या पत्र्यावर डावीकडून उजवीकडे वाचत गेलात तर आवाज कसा घडतो याचा नकाशाच तिथे असतो: आधी ऑसिलेटर, मग ते एकत्र करणारा मिक्सर, मग फिल्टर, शेवटी आवाजाची पातळी. एका कामाला एक नॉब. आज सकाळी नॉब जिथे ठेवला तिथेच तो संध्याकाळी असतो. प्रोग्राममध्ये दोन-तीन हजार तयार आवाज मिळतात, आणि सगळा वेळ ते ऐकून पाहण्यात जातो. ‘पुढचा ऐकू या’ संपतच नाही. स्मृती नसलेल्या, एकच सूर काढणाऱ्या यंत्राशी तुम्हाला बसून झगडावं लागतं, आणि त्या झगड्यातून जो आवाज निघतो तो तुमचा असतो. टीबी-०३ घेणाऱ्याचं चुकत नाही ते यामुळे. त्याने बोटांना काम आणि डोक्याला कुंपण विकत घेतलेलं असतं.

याचा उत्तम दाखला मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. हाताशी रोलँडची तीन यंत्रं: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. त्यातला टीबी-३०३ एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून बनवलेला होता, आणि त्या कामात तो सपशेल आपटला. रोलँडने १९८४ मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं. पण त्यात दोन सूर घसरत जोडण्याची सोय होती आणि फिल्टरचे नॉब वाजता वाजता फिरवता येत होते. सिंग यांनी त्याला रागांच्या खाली चालणारं खर्जाचं काम दिलं. तबकडी खपली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये त्याच यंत्राचे नॉब पिळून एक नवा संगीतप्रकार उभा केला, आणि २०१० मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. यातून मला दिसतं ते असं: नक्कल करणारा प्रोग्राम यंत्राचे आधीच नावाजलेले गुण पकडतो. ते गुण पहिल्यांदा सापडतात ते मात्र यंत्र भलत्याच कामाला जुंपणाऱ्या माणसाला. यावर कुणी म्हणेल की सॉफ्टवेअरही भलत्या कामाला जुंपता येतं. अगदी खरं, आणि आज ते होतंही आहे, पण मुख्यतः अशा प्रोग्राममध्ये, जे कुणाची नक्कल करत नाहीत. तेव्हा सॉफ्टवेअर घ्यायचंच तर नकलांच्या मोठ्या गठ्ठ्याऐवजी ‘व्हायटल’सारखा स्वतःचं डोकं असलेला प्रोग्राम आधी शिकावा, त्याची मूळ आवृत्ती फुकट आहे.

नॉबच हवे असतील तर लॅपटॉपला नॉबवाला कंट्रोलर जोडा, असा आणखी एक व्यवहारी आक्षेप निघतो. तो निम्मा बरोबर आहे. कंट्रोलरवरचा पाचवा नॉब आज फिल्टरला, उद्या प्रतिध्वनीला लावलेला असतो. बोटांची आठवण तयार होत नाही. मात्र एकाच प्रोग्रामला कंट्रोलर कायमचा बांधून टाकला आणि वर्षभर काहीच बदललं नाही, तर तो जवळपास यंत्रच होतो. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो ही तक्रारही आता जुनी झाली. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकाचा आवाज स्पीकरकडे नेणारी पेटी, एका वेळी १२८ नमुन्यांवर (म्हणजे १२८ आकड्यांवर) ठेवली तर त्या टप्प्यावर उशीर सेकंदाच्या तीन हजारांशांच्या आत राहतो. हवेतून एक मीटर अंतर कापायला आवाजाला साधारण तेवढाच वेळ लागतो. इंटरफेसविना, स्वस्त लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वाजवणाऱ्याला मात्र पट्टी दाबल्यावर आवाजाची वाट पाहावी लागते, आणि दोष प्रोग्रामच्या माथी मारला जातो.

खरेदी करताना सगळ्यात कमी विचार होतो तो मोडतोडीचा. रोलँडच्या ज्युनो-१०६ चं उदाहरण घ्या. १९८४ चं हे सहा सुरांचं यंत्र आजही लोकप्रिय आहे आणि त्याचं एक दुखणं जगभर ठाऊक आहे. एकामागून एक पट्ट्या दाबत गेलं की दर सहाव्या वेळी आवाज खरखरतो किंवा गायबच होतो. आत ८००१७ए या क्रमांकाच्या सहा चिप आहेत, सहा सुरांना एकेक, आणि त्यांच्यावर काळ्या राळेचा लेप आहे. वर्षं उलटतात तसा हा लेप किंचित वीज वाहू लागतो. जाणकार कारागीर चिप काढून अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवतात, मऊ झालेला लेप हलक्या हाताने सोलतात, आणि बऱ्याचदा ती चिप पुन्हा गाऊ लागते. यंत्राच्या कंपनीची त्यासाठी परवानगी लागत नाही. सॉफ्टवेअरचं मरण वेगळं असतं. टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ची नक्कल करणारा ‘रीबर्थ’ हा १९९७ चा प्रोग्राम त्या काळी गाजला. कंपनीने २००५ मध्ये तो गुंडाळला, नंतर आयपॅडसाठी पुन्हा काढला, आणि २०१७ मध्ये रोलँडने हक्काचा मुद्दा काढल्यावर तोही मागे घ्यावा लागला. २०१९ मध्ये ॲपलने मॅकची नवी प्रणाली आणली, त्यात जुने ३२-बिट प्रोग्राम चालेनासे झाले. एका अपडेटने कित्येकांचे विकत घेतलेले सिंथेसायझर मुके झाले, आणि कुठल्याही कारागिराला त्यात काही करता येईना. याउलट १९८३ चा डीएक्स-७ घ्या. त्या वर्षी सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ठरलेली मिडी ही जोडणी त्याला आहे, आणि त्या गोल पाच खिळ्यांच्या भोकातून तो आजच्या संगणकाशी बोलतो. सॉफ्टवेअरच्या बाजूने एकच भक्कम उत्तर आहे, ते खुल्या स्वरूपाच्या प्रोग्रामचं. ‘सर्ज एक्सटी’ किंवा डेक्स्ड यांची मूळ संहिता सर्वांसाठी उघडी आहे. एकाने सोडलं तर दुसरा पुढे नेऊ शकतो.

आपल्या संगीताची गरज लक्षात घेतली तर पारडं आणखी थोडं हलतं. बारा ठोकळेबंद सुरांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडावं लागलं. सिंथेसायझरचे बहुतेक कीबोर्ड त्याच बारा ठोकळ्यांवर उभे आहेत. इथे सॉफ्टवेअर पुढे आहे. सर्ज एक्सटीमध्ये प्रत्येक सुराची जागा हवी तशी हलवणारा तक्ता घालता येतो, म्हणजे रागाप्रमाणे उतरलेला गंधार मिळू शकतो. यंत्रांत ही सोय निवडक ठिकाणीच मिळते, उदाहरणार्थ कॉर्गच्या २०१७ च्या ‘मोनोलॉग’मध्ये. मात्र मींडेसाठी सूर ओढणारं चाक, आणि त्यावर बसलेला अंगठा, यांना पडद्यावर पर्याय नाही. यंत्र की प्रोग्राम हा प्रश्न गायकांनी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या बाबतीत केव्हाच सोडवला आहे. प्रवासात मोबाइलवरचं अॅप, घरच्या रियाजाला तानपुऱ्याचं यंत्र, कारण यंत्रावर मधूनच कुणाचा फोन येत नाही.

पैशांचा हिशेब थोडक्यात. मूग कंपनीने २०१६ मध्ये मिनीमूग पुन्हा काढला तेव्हा त्याची किंमत साडेतीन हजार डॉलर होती. बेहरिंगरने २०१८ मध्ये त्याच सर्किटची नक्कल तीनशे डॉलरच्या आसपास विकायला काढली. मूगनेच २०१८ मध्ये आणलेलं आयपॅडवरचं मिनीमूग २०२० च्या टाळेबंदीत काही काळ फुकट मिळत होतं. म्हणजे बेहरिंगरसारखी नक्कल हीसुद्धा यंत्र असू शकते, आणि ती काही आजची गोष्ट नाही. सत्तरच्या दशकात आर्प कंपनीने मूगचा फिल्टर उचललाच होता.

तेव्हा शिकणाऱ्याला माझा सल्ला असा: आधी एक-दोन खुले, फुकट प्रोग्राम, चांगल्या पट्ट्यांचा साधा मिडी कीबोर्ड आणि त्याहून आधी एक बरा ऑडिओ इंटरफेस. त्यावर वर्षभर आवाज स्वतः घडवा, तयार आवाजांना हात न लावता. वर्षानंतरही हात एकाच प्रकारच्या आवाजाकडे वळत असतील, तर त्या आवाजाचं यंत्र घ्या. आतली वीज खरी की आकड्यांची याची चिंता न करता, नॉब मोकळे आहेत का आणि दुरुस्ती आपल्या शहरात होते का एवढं बघून. चित्रपट-मालिकांचं काम अंगावर असेल, आठवड्यानंतर निर्मात्याने ‘तोच आवाज, फक्त जरा मऊ’ असं सांगायची शक्यता असेल, तर सॉफ्टवेअरच घ्या, कारण तिथे महिन्यापूर्वीची मांडणी जशीच्या तशी परत उघडते. आणि जुनं जपानी यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर मागच्या पट्टीवर विजेचा आकडा वाचल्याशिवाय प्लग खोचू नका. जपानच्या बाजारासाठी बनवलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात आणि आपल्या भिंतीत २३० असतात. मध्ये योग्य ट्रान्सफॉर्मर नसेल तर तो सौदा पहिल्याच दिवशी जळतो.